स्कॅनरच्या डोक्यावरचा शिक्का

मित्रांनो, लंडनच्या हॅरो भागातल्या एका सॉलिसिटरच्या, म्हणजे वकिलाच्या, ऑफिसात स्कॅनरच्या डोक्यावर लाकडी मुठीचा एक जुना शिक्का ठेवलेला दिसतो ना, तो मी. मला शोभेसाठी ठेवलेलं नाही. जाड कागद घातला की स्कॅनरचं झाकण नीट बसत नाही, म्हणून वजन म्हणून ठेवलं आहे. ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो त्याच्याच डोक्यावर दिवसभर बसून राहायचं. यासारखी शिक्षा नाही.

माझा जन्म २०१३ सालचा. स्टेशनजवळ बूट दुरुस्त करणारं आणि किल्ल्या बनवणारं एक दुकान आहे. या ऑफिसचे मालक कमलाकर सर, त्यांनी मला तिथे करून घेतलं. वर बीचच्या लाकडाची मूठ, खाली रबर आणि रबरावर इंग्रजीत उलटं कोरलेलं एकच वाक्य: ही मूळ कागदाची खरी प्रत आहे.

वाक्य लहान, पण काम मोठं. एखादी कंपनी इमारत तारण ठेवून कर्ज घेते, तेव्हा त्या तारणाची नोंद सरकारी कार्यालयात एकवीस दिवसांत करावी लागते. अर्जासोबत कागदाची खरी प्रत जोडायची. काही चुकलं की अर्ज परत येतो. एकवीस दिवस उलटून गेले, तर तारण कच्चं पडतं आणि कर्ज देणारा सगळे पैसे एकदम मागू शकतो.

नऊ वर्षं मी राबलो. नऊ वर्षांत आमचा एकही अर्ज परत आला नाही. माझी शाई पुसताना सर म्हणायचे, "याचा हातगुण चांगला आहे." मी ते खरं मानलं. का मानू नये?

मग मृणाल आली, आणि तिच्यामागून स्कॅनर आला. पांढराशुभ्र, हिरव्या दिव्याचा. सगळे त्याच्याभोवती जमले. त्याला पुसायला वेगळं मऊ फडकं आणलं. माझ्या पॅडमधली शाई वाळून खडखडीत झाली, ते कोणी पाहिलंही नाही. मृणालने माझं वाक्य कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलं. अक्षर न् अक्षर माझं, आणि मान मात्र स्कॅनरला.

मृणाल वाईट नाही हो. तिची मुलगी तनू अडीच वर्षांची आहे. नर्सरीतून कधीही फोन येईल म्हणून तिचा मोबाइल कायम टेबलावर उताणा ठेवलेला असतो. ती नर्सरी जवळच्याच एजवेअरमधली, रचनाताईंची. इतकी वर्षं एका चर्चच्या हॉलमध्ये भाड्याने चालायची. या वर्षी त्यांनी स्वतःची इमारत घेतली, तारण ठेवून. कागद आमच्याच ऑफिसात झाले.

रचनाताईंची एकच इच्छा होती. कागदावर चौदा ऑक्टोबर तारीख पडावी. तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. मृणालने तसं विचारूनही पाहिलं, पण कर्ज देणारे थांबेनात. नऊ तारखेलाच कागद पुरा झाला. चौदाला मात्र नव्या इमारतीत पांढरे कपडे घालून सगळे जमले, वंदना झाली, खीर झाली. मृणाल तनूला घेऊन गेली होती. तेव्हापासून तिच्या मनात त्या इमारतीची तारीख चौदाच राहिली.

अठ्ठावीसला तिने कागद स्कॅनरवर ठेवला. झाकण उघडताना मला शेजारी काढून ठेवलं होतं. कागदावर 'नऊ' लिहिलेलं मला दिसलं, आणि स्क्रीनवर तिने 'चौदा' भरलेलंही दिसलं. शिक्क्याला वाचा नसते हे खरं. पण असती तरी मी बोललो असतो का? नाही. मला वाटलं, येऊ दे परत. कळू दे सगळ्यांना, कोणाचा हातगुण कसा आहे ते.

तीस तारखेला सकाळी अर्ज परत आला. अर्जातली तारीख कागदाशी जुळत नाही, असं कारण होतं. इतकं बरं वाटलं मला! मृणालही आधी शांत होती. चौदापासून धरून चार नोव्हेंबरपर्यंत वेळ आहे म्हणाली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती नऊच्या पुढचे दिवस मोजू लागली, आणि मोजता मोजता तिचं बोट तीसवर येऊन थांबलं.

"सर, एकविसावा दिवस आज आहे."

तेवढ्यात रचनाताईंचाच फोन आला, दुसऱ्याच कामासाठी. मृणालने लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मृणाल, चोवीस पोरं आहेत माझ्याकडे. तुझी धरून. तू कर, मग मला सांग."

तिने तारीख बदलली, फाइल जोडली आणि आता पाठवणार, एवढ्यात सरांनी तिच्यासमोर हात धरला.

"कोणाला वाचून दाखवलंस?"

"सर, वेळ नाहीये."

"म्हणूनच. हे परत आलं तर उद्याचा दिवस आपल्याकडे नाही."

इथे मला एक कबुली द्यायची आहे, मित्रांनो. एक गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगितली नाही. त्या नऊ वर्षांत मला उचलण्याआधी ऑफिसातली दोघं समोरासमोर बसायची. एक कागदावर बोट ठेवून वाचायचा, दुसरा अर्जावर. कंपनीचं नाव, नंबर, तारीख, कर्ज देणारा, सह्या. सगळं जुळलं की मग मी. स्कॅनर आला आणि घाईघाईत ते वाचणं सुटलं. मी ते सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर माझ्या हातगुणाचं काय उरलं असतं?

सर कागद घेऊन बसले. मृणालने स्क्रीनवर बोट ठेवलं. नाव जुळलं. नंबर जुळला.

"तारीख? अर्जातली नको, जोडलेल्या प्रतीतली वाच."

तिने प्रत उघडली. पानं सरकवत शेवटपर्यंत गेली.

"सर, रिकामी आहे. सह्याही नाहीत. घाईत मी कच्चा मसुदा जोडला."

सर रागावले नाहीत. "बदल," एवढंच म्हणाले, "आणि पुन्हा पहिल्यापासून."

सव्वादोनला अर्ज गेला. मग नुसती वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता नोंदणीचं प्रमाणपत्र आलं. मृणालने रचनाताईंना फोन लावला, "झालं, ताई" म्हणाली, आणि डोळे पुसत पॅन्ट्रीत निघून गेली. तनूची जागा राहिली. तेवीस दुसऱ्या पोरांचीही राहिली.

त्या धावपळीत मला कोणी उचललं नाही, आणि स्कॅनरचंही कौतुक केलं नाही. आता प्रत्येक अर्जाआधी दोघं समोरासमोर बसतात. मला अजून हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू? फक्त आता तो कागदावरून सावकाश सरकणाऱ्या त्या बोटाचा वाटतो.

तुमच्या हातून कधी एखादा महत्त्वाचा कागद जाणार असेल, तर आधी कोणाला तरी समोर बसवा आणि बोट ठेवून वाचा. आणि दुसऱ्याच्या कागदात चूक दिसली, तर तो तुमचा नावडता असला तरी सांगा. तुम्हाला वाचा आहे.