नऊ माणसं आणि एक पिशवी

अनंतरावांनी आयुष्यात कुठल्याच रांगेत फुकट वेळ घालवला नव्हता, आणि याचा त्यांना भारी अभिमान होता. कंधारच्या स्थानकात नांदेडची गाडी लागली की खिडकीतून आपली खाकी पिशवी आत टाकायची, सीट धरायची आणि चहा संपवून सावकाश चढायचं. बँकेत तेच, लग्नाच्या पंगतीतही तेच. आता तुम्हीआम्ही तरी कधी रुमाल टाकून सीट धरली नाही का? तेव्हा त्यांना हसण्याआधी जरा दमानं घेऊ या.

शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांच्या मागे पत्नी विशाखाताईंनी बूस्टरचा लकडा लावला होता. त्यांनी स्वतः माहेरी लातूरला गेल्या असताना डोस घेतला होता.

"अगं, करोना गेला आता. बाजारात एकाच्या तरी तोंडाला मास्क दिसतो का?"

"करोना गेला असेल हो, पण तुमचा दमा गेलाय का?"

मग अनंतराव दोन मंगळवार आरोग्य केंद्रात जाऊन आले, आणि दोन्ही वेळा घरी येऊन म्हणाले, "लस संपली." तिसऱ्या मंगळवारी विशाखाताईंनीच चपला घातल्या. "चला, मी येते सोबत. बघू तरी कशी संपते!"

केंद्राच्या व्हरांड्यात खुर्च्यांची ओळ होती. टोकाच्या खुर्चीवर गाठोडं मांडीवर घेतलेली एक म्हातारी बसली होती. अनंतरावांना बघताच तिचा चेहरा खुलला.

"आले बाई पिशवीवाले मास्तर! पर आज मी पिशवी न्हाई सांभाळणार, हां. दोन बाऱ्या सांभाळली."

"कसली पिशवी?" विशाखाताईंनी विचारलं.

म्हातारीचं नाव गुणाबाई. बिचारीच्या मनात काडीचं काळंबेरं नव्हतं. तिनं सरळ सांगून टाकलं, "हे खुर्चीवर पिशवी ठेवतेत, आलोच म्हणतेत अन् जातेत. सिस्टरबाई मोजतेत, तर नऊ माणसं अन् एक पिशवी! दहा झाल्याबिगर त्या बाटली उघडत न्हाईत. मास्तरची वाट बघून बघून एकेक जण खुरपायला निघून जातंय. मागं राहते मी अन् ही पिशवी."

विशाखाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. अनंतराव भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता फार मन लावून वाचत होते.

"लस संपली होती, नाही का?"

अनंतरावांनी मान खाली घातली. दोन्ही मंगळवार ते शेषेरावांच्या खतांच्या दुकानात गप्पा छाटत बसले होते, आणि केंद्र बंद व्हायच्या वेळी पिशवी उचलून घरी आले होते.

तेवढ्यात सृष्टी सिस्टर बाहेर आल्या. वयानं लहान, पण बोलणं स्पष्ट. "सर, एका बाटलीत दहा डोस असतात. उघडली की चार तासांत वापरावी लागते, उरलं ते फेकून द्यावं लागतं. लस मोजकीच आलीय, म्हणून दहा जमेपर्यंत मी थांबते. तुम्ही 'नको' म्हणाला असता, तरी मी दुसरं कुणी शोधलं असतं. तुम्ही 'आलोच' म्हणून गेलात, म्हणून वाट बघत बसले."

"अहो, पण माझ्या एकट्यानं..."

"एकट्याचंच तर नाही ना हे, सर! लस तुमच्या दंडात जाते, पण तिचा आधार तुमच्या आसपासच्यांनाही असतो. या आजींना विचारा, त्या तिसऱ्यांदा कशासाठी आल्यात."

गुणाबाईंनी गाठोडं सारखं केलं. "नातीचे दिवस भरत आलेत, मास्तर. ऋतुजा माझी. तिची माय न्हाई, मीच वाढवलेली. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलंय, बाळाजवळ राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं आधी पंधरा दिवस तरी डोस घेतलेला बरा. आता पंधराच दिवस हायेत. दोनच्या गाडीनं तिच्याकडं नांदेडला निघाले. आज झालं तर झालं, तिथं मला कोण धरून नेणार? लेकराला दुरूनच बघावं लागतंय का काय, हाच घोर लागलाय."

अनंतराव गुणाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. याच बाईनं दोनदा त्यांची पिशवी सांभाळली होती आणि एका शब्दानं बोल लावला नव्हता!

"खरं सांगू?" ते हळूच म्हणाले. "मी सुईला भितो. दुसऱ्या डोसला दोन दिवस ताप आला होता. सांगायला लाज वाटली."

"हात्तिच्या!" विशाखाताईंचा राग तिथेच विरघळला. "मी धरते ना तुमचा हात."

पण सिस्टरनी मोजलं, तर अनंतराव धरून नऊच भरले. साडेबारा वाजून गेले होते. एक बाई घड्याळ बघत उठू लागली.

"थांबा सगळे! मी आलोच," अनंतराव म्हणाले, आणि सगळा व्हरांडा कण्हला.

"पुन्हा आलोच?"

"यावेळी पिशवी नाही ठेवत. हिला ठेवतो!"

विशाखाताईंसकट सगळे हसले. उठलेली बाईही परत बसली. अनंतराव मात्र तरातरा निघाले ते थेट शेषेरावांच्या दुकानात.

"उठा शेषेराव, बूस्टर घ्यायचाय."

"आँ? परवापर्यंत तर तुमीच म्हणून राहिलते, काय गरज न्हाई!"

"म्हणत होतो, आणि चुकत होतो. एक माणूस कमी पडतंय, त्यापायी नऊ जण अडकलेत. त्यात एक आजी आहे, तिला नातीचं बाळंतपण करायचंय. चला, वाद नंतर घालू."

शेषेराव गल्ल्याला कुलूप लावून उठले. "चला मास्तर. आजीचं काम हाय म्हणता, तर चला."

दहा झाले! बाटली उघडली. पहिला डोस गुणाबाईंना मिळाला. अनंतरावांनी डोळे घट्ट मिटले, विशाखाताईंचा हात धरला, आणि सुई कधी आली-गेली ते त्यांना कळलंही नाही. "आजी, पंधरा दिवस नातीजवळ मास्क लावायचा," सिस्टरनी बजावलं.

अर्धा तास बसून झाल्यावर अनंतराव गुणाबाईंना स्थानकावर घेऊन गेले. दोनची गाडी गच्च भरायला लागली होती. त्यांनी दुखरा हात सांभाळत खिडकीतून खाकी पिशवी आत टाकली.

"कुणाची जागा हाय ही?" आतून कुणीतरी ओरडलं.

"या आजींची!"

गुणाबाई खिडकीशी बसल्या. पिशवी बाहेर देताना त्यांचे डोळे भरून आले होते. "धरा तुमची पिशवी, मास्तर. बारशाला सांगावा धाडते."

महिन्याभरानं त्या आल्या त्या घुगऱ्यांचा डबा घेऊन, थेट केंद्रातच. मुलगी झाली होती, आणि पहिल्या दिवसापासून पणजीच्याच मांडीवर होती. तोही मंगळवारच होता. अनंतराव व्हरांड्यात बसून माणसं मोजत होते. "सात झाले, सिस्टर. तिघांना घेऊन येतो." पिशवी घरी खुंटीला होती.

बंधुभगिनींनो, गाडीतली जागा पिशवी धरू शकते. पण जिथं आपल्या असण्यावर दुसऱ्याचं काम अडलेलं असतं, तिथं आपण स्वतःच जाऊन बसलं पाहिजे. 'आलोच' म्हणालात, तर या!