चिकटवलेली दोन पाने

मित्रांनो, लोहारा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात कपाटामागे उभा असलेला मी एक जुना तक्ता आहे. चित्रांची बारा मोठी पाने, वर लोखंडी कड्या आणि मागे पुठ्ठ्याचा आधार, एवढाच माझा संसार.

सोलापूरच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझे काम आशाताईंना शिकवण्याचे. शिकवायचे काय, तर ज्या आजारांचे नाव काढले की माणसे खाली बघतात, नेमके ते! शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे आजार कसे ओळखायचे, रुग्णाला न लाजवता दवाखान्यात कसे आणायचे, हे सारे माझ्या पानांवर आहे.

मला घेऊन शिकवायच्या त्या रुद्रम्मा सिस्टर. आवाज खणखणीत, कामाला चोख. पण पहिल्याच प्रशिक्षणात त्यांनी माझे सातवे पान समोर धरले आणि तीस आशाताईंनी एकदम पदर तोंडाला लावला. मागे बसलेले दोन कर्मचारी फिदीफिदी हसले. सिस्टर ओशाळल्या. त्याच दुपारी त्यांनी कणकेची खळ शिजवली आणि माझे सातवे व आठवे पान सहाव्याच्या पाठीला चिकटवून टाकले. सातव्यावर आजाराच्या खुणा होत्या. आठव्यावर नवरा-बायको डॉक्टरांपुढे बसले होते, दोघांच्याही हातात औषध होते आणि खाली निरोधचे पाकीट होते.

"हे तोंडानं सांगते की," सिस्टर स्वतःशीच पुटपुटल्या.

ते सांगणे काही झाले नाही. चार वर्षे मी दहा पानांचा तक्ता म्हणून मिरवलो. पाहणीला आलेल्या साहेबांनी माझे कौतुकही केले. मला मात्र आतून गुदमरल्यासारखे व्हायचे.

याच काळात माझ्यापुढे बसून शिकलेली एक आशाताई म्हणजे शिवांजली. तिच्या गावात भुवनेश्वरी नावाची एक सून होती. लग्नाला तीन वर्षे झाली तरी मूल नव्हते. ओटीपोटात दुखायचे, अंगावरून जायचे. शिवांजलीने तिला दवाखान्यात आणले. औषधाने बरे वाटले, पण महिन्याभरात दुखणे परत हजर. असे तीनदा झाले. डॉक्टर केसपेपरवर इंग्रजीत सूचना लिहायचे. ती समजावून सांगणे आशाताईचे काम, आणि शिवांजलीला ते कोणी शिकवलेच नव्हते. इकडे सासूने ठरवून टाकले, की येत्या सोमवारी भुवनेश्वरीला अणदूरला माहेरी कायमचे धाडायचे.

शिवांजली भुवनेश्वरीवरच चिडली. "तू गोळ्या मधीच सोडतीस बघ."

"देवाशप्पथ ताई, एक बी चुकवली न्हाय," भुवनेश्वरी रडत म्हणाली.

ते रडणे शिवांजलीला झोंबले. दुसऱ्या दिवशी केंद्रात येऊन तिने माझे एकेक पान पुन्हा वाचायला घेतले. एक पान हाताला जाड लागले. तिने ओला फडका फिरवून हलक्या हाताने पाने सोडवली. माझा कोपरा फाटला, थोडा रंगही उडाला, पण किती हायसे वाटले म्हणून सांगू!

"सिस्टर, औषध नवऱ्यालाबी द्यायचं असतं?" तिने विचारले.

रुद्रम्मा सिस्टरांनी सुटलेल्या पानांवरून हात फिरवला. "व्हय गं. न्हायतर ती बरी हुती अन् त्याच्याकडनं तिला परत लागण हुती. ही पानं मीच चिकटवली. लाजले गं मी." त्यांचे डोळे भरून आले. "चल, आता उशीर नगं."

भुवनेश्वरीला विचारूनच दोघी तिच्या नवऱ्याला, बसवेशला, भेटल्या. तो जीप चालवायचा. सिस्टरांनी त्याला बाजूला बोलावून सगळे नीट सांगितले.

"मला काय झालंय? धडधाकट हाय मी," तो म्हणाला.

"दिसत न्हाय म्हणून नसतंच, असं न्हाय बाबा. तपासून घे. तुझं नाव केंद्राबाहेर जाणार न्हाय."

संध्याकाळी तो खाली मान घालून केंद्रात आला. डॉक्टरांनी तपासले, रक्त घेतले, औषध दिले. सिस्टरांनी माझे आठवे पान त्याच्यापुढे धरले, तेही त्याने लक्ष देऊन पाहिले.

सोमवारी शिवांजली मला काखेत मारून त्यांच्या घरी गेली. सासूने गाठोडे बांधून ओसरीवर ठेवले होते. भुवनेश्वरी दारात उभी होती. बसवेशने गाठोडे उचलले आणि घरात नेऊन ठेवले.

"आई, ती कुठं जाणार न्हाय," तो म्हणाला. "दुखणं तिच्या एकटीचं न्हाय. औषध मलाबी चालू हाय."

मी नुसता कागदाचा, पण मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

भुवनेश्वरीचे दुखणे त्यानंतर परत आले नाही. रुद्रम्मा सिस्टर आता प्रत्येक प्रशिक्षणात, कोणाचेही नाव न घेता, आधी आपली चूक सांगतात आणि मगच शिकवायला लागतात. बरेचसे शिकवणे मोबाइलवर गेले आहे, त्यामुळे माझी आठवण कमीच होते. अधूनमधून धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण मित्रांनो, खरी विनंती वेगळीच आहे. औषध घेऊनही कोणी बरे होत नसेल, तर त्याला बोल लावण्याआधी आपण त्याला सगळे सांगितले होते का, एवढे स्वतःला विचारा.