ठणठणीत माणसाची तपासणी

आमच्या बाबांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही डॉक्टरला खरं सांगितलेलं नाही. ते बसचालक होते. दरवर्षी कंपनीची तपासणी व्हायची आणि तीत जरा काही निघालं की माणसाची रवानगी थेट डेपोतल्या टेबलामागे. त्यामुळे सगळ्या चालकांचं ठरलेलं होतं. काहीही विचारा, उत्तर एकच: "छे हो, ठणठणीत!" डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं तर जुने चालक नव्यांकडून घोकून घ्यायचे. प्रवाशांना हे कधी कळलं नाही तेच बरं.

मी समुद्रात डायव्हिंग शिकवते. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी बाबांच्या मागच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर अख्खा मार्ग पालथा घालायचे. त्यांचं काम मी जवळून पाहिलं होतं, माझं काम त्यांनी फक्त फोटोत. निवृत्त झाल्यावर एके दिवशी चहा पिता पिता ते म्हणाले, "मलाही एकदा ने की तिथे खाली." मला इतका आनंद झाला की माझा कपच कलंडला. पण मी अट घातली. डॉक्टरांची सही हवी, आणि तीही खरं सांगून मिळवलेली. पाण्याखाली दुखणं लपवलं तर जिवावर बेततं.

"म्हणजे काय! मी कशाला लपवू?" बाबा म्हणाले.

आईने कपाळाला हात लावला.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या आणि विचारताना टेबलावर पेन टकटक वाजवायच्या.

"काका, दम लागतो का?"

"छे!"

"रक्तदाब?"

"छे हो!"

"एखादं ऑपरेशन?"

"ठणठणीत!"

आईने मोठ्ठा सुस्कारा सोडला. बसच्या दारात अडून उभ्या राहिलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"बरं, आता जरा समोर बघा," असं म्हणत डॉक्टरबाई उठल्या. बाबा लगेच ताठ बसले, डावा डोळा तळव्याने झाकला आणि धडाधडा अक्षरं म्हणू लागले. वरच्या ओळीपासून पार खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, एकही न चुकता.

समोरच्या भिंतीवर तक्ता नव्हताच. दात कसे घासावेत याचं चित्र होतं.

"काका," डॉक्टरबाई म्हणाल्या, "मला तुमच्या कानात बघायचं होतं."

आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मला मात्र हसावं की रडावं ते कळेना. डॉक्टरबाई पुन्हा खुर्चीत बसल्या. "आता तुमच्या कुठल्या उत्तरावर विश्वास ठेवू? अशी सही नाही देता येणार मला."

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला होता.

"रक्तदाबाची गोळी घेतो," ते खाली बघत म्हणाले. "हर्नियाचं ऑपरेशन झालंय. डावा गुडघा क्लच दाबून दाबून गेला. घाट उतरताना उजव्या कानाला दडा बसतो." मग हळूच म्हणाले, "आणि मला पाण्याची भीती वाटते. पण हिचं काम एकदा डोळ्यांनी बघायचंय."

"हे तर मलाही ठाऊक नव्हतं," आई म्हणाली. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. माझा रागही.

मग खरी तपासणी सुरू झाली. हृदयाचा आलेख काढला, नळीत फुंकायला लावलं, सरकत्या पट्ट्यावर चालायला लावलं. गोळीने रक्तदाब आटोक्यात होता, ऑपरेशन जुनं होतं, गुडघा चालण्यासारखा होता. कानातून मात्र एवढा मळ निघाला की आईने तोंड फिरवलं. कान साफ झाल्यावर डॉक्टरबाईंनी त्यांना नाक दाबून हलकेच जोर करायला सांगितलं आणि कानात डोकावून पाहिलं. पडदा नीट हलत होता.

"भीतीचं काय?" बाबांनी विचारलं.

"तिचं औषध तुमच्या लेकीकडे," असं म्हणून त्यांनी सही केली.

पुढच्याच रविवारी आम्ही बोटीवरून पाण्यात उतरलो. दोरीला धरून थोडं खाली गेल्यावर मी अंगठा आणि बोट जुळवून विचारलं, सगळं ठीक? बाबांनी ताबडतोब तीच खूण केली. ठीक! विचार न करता, जन्माच्या सवयीने. मी तिथेच थांबून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

पण त्यांची नजर माझ्यावरून हलली नाही. जुळलेली बोटं सावकाश सुटली, पंजा आडवा होऊन डावीउजवीकडे डुगडुगला: गडबड आहे. मग त्यांनी उजव्या कानाकडे बोट दाखवलं.

मी त्यांना जरा वर आणलं. त्यांनी नाक दाबून हलकेच जोर केला, थांबले, पुन्हा केला. मग पुन्हा बोटं जुळवली.

आयुष्यात पहिल्यांदाच मी बाबांच्या 'ठीक'वर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि त्यांचा हात धरून खाली निघाले.