मास्तरांचं मशीन

प्रार्थना डोळे मिटून करायची असते, हे मास्तरांना साठाव्या वर्षी कोणी शिकवायला नको होतं. पण त्या रविवारी चर्चमध्ये त्यांचे डोळे काही मिटेनात. पुढच्या बाकावर एक अनोळखी बाई बसली होती आणि तिच्या जाकिटाची बाही खांद्यावर अशी बेमालूम बसली होती, की चाळीस वर्षं शिंप्याची कात्री चालवलेल्या माणसाला तिकडे न बघणं शक्यच नव्हतं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. "आमेन" म्हणायलासुद्धा त्यांना अंमळ उशीर झाला. शेजारी बसलेल्या ताईने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे ते भानावर आले.

उपासना संपल्यावर पाळकांनी त्या बाईची ओळख करून दिली. तिच्या गावात आग लागली होती आणि अर्धी वस्ती जळून गेली होती. घर, सामान, शिवणाचं मशीन, सगळं गेलं. म्हाताऱ्या आईला घेऊन ती इथे आली होती आणि सध्या एका हॉटेलात फरशा पुसत होती. ज्याला जे जमेल ते त्याने द्यावं, असं पाळक म्हणाले. कोणी गाद्या कबूल केल्या, कोणी भांडी. मास्तर पुढे झाले.

"हे जाकीट कोणी शिवलं?"

"मीच," ती संकोचून म्हणाली. "आगीच्या दिवशी अंगात होतं, म्हणून वाचलं."

"मशीन मी देतो," मास्तर म्हणाले. बोलून गेले आणि मग त्यांना बरं वाटलं.

मास्तरांच्या दुकानात दोन मशिनं होती. एक वडिलांच्या वेळचं, पायाने चालवायचं. कोपऱ्यात त्याच्यावर कापडाचे गठ्ठे पडलेले असायचे. दुसरं तीन वर्षांपूर्वी घेतलेलं, मोटरवर चालणारं. त्याच्यावर मास्तरांचा भारी जीव. रोज संध्याकाळी ते मशीन पुसायचे, तेल द्यायचे, वर सुती कापड घालायचे. "याला अंघोळ घालायची तेवढी बाकी ठेवलीयस," असं ताई म्हणायची. ताई त्यांची थोरली बहीण. दोघंही बिनलग्नाची, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. तिच्या जिभेला धार होती आणि मास्तरांना तिची सवय होती.

सोमवारी मास्तरांनी जुनं मशीन कोपऱ्यातून बाहेर काढलं. पट्टा बदलला, सुई बदलली, सांध्यासांध्यातली धूळ काढली. मग कापडाचा तुकडा घेऊन टीप घालून पाहिली. पातळ कापडावर ठीक. जाड कापड आलं की मशीन टाके सोडायचं. मंगळवारी त्यांनी सगळं पुन्हा उघडलं. बुधवारीही तेच. मशीनने आपला हेका सोडला नाही.

"घरगुती कामाला चालेल," मास्तर म्हणाले.

ताई पायरीवर बसून काजं करत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. "तिला कुठे घरगुती काम करायचंय? पोट भरायचंय."

"अगं, काहीच नाही त्यापेक्षा बरं की नाही?"

"बरंय की. देवाने आपला पुत्र दिला तो काही घरात जास्तीचा पडला होता म्हणून नाही. पण आपण थोडेच देव आहोत? दे तू हेच."

ताई बोलली आणि पुढचं काज करायला लागली. मास्तर मात्र हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन तसेच बसून राहिले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण आज ती कोणीतरी थेट त्यांच्या दुकानात आणून ठेवल्यासारखी झाली. आपण देणार होतो ते दान नव्हतंच, आपण कोपरा रिकामा करत होतो. तीन दिवस इतकी खटपट केली ती तिच्यासाठी की आपल्या मनाच्या समाधानासाठी?

शनिवारी त्यांनी शेजारच्या भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली आणि तिच्यावर नवं मशीन चढवलं. ताई धावत खाली आली.

"अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तूच म्हणालीस ना?"

"मी आपलं बोलायचं म्हणून बोलले. माझं बोलणं तू कधीपासून मनावर घ्यायला लागलास?"

मास्तर हसले आणि मशीन दोरीने घट्ट बांधू लागले. थोडा वेळ ताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिने वरून एक जुनी चादर आणली आणि ओरखडे पडू नयेत म्हणून दोरीखाली नीट खोचली.

बाईची खोली रंगाच्या गोदामामागे होती. तिने मशीनवरची चादर काढली आणि चाकावरून हात फिरवला.

"मास्तर, हे तर नवंच दिसतंय. तुम्ही चुकून दुसरंच आणलंत."

"चुकून नाही."

"मग तुम्ही कशावर शिवणार?"

"जुनं आहे की. त्याच्या खोड्या मला ठाऊक आहेत. तुम्हाला त्या शिकायला वर्ष जाईल."

खाटेवर बसलेल्या तिच्या आईने मास्तरांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. परत येताना रिकामी हातगाडी खडखडत होती. मास्तर तोंडातल्या तोंडात चर्चमधलं गाणं गुणगुणत होते.

इथवर सगळं सोपं होतं. अवघड पुढेच होतं.

दोन महिन्यांत बाईने हॉटेल सोडलं आणि दारावर शिवणकामाची पाटी लावली. मास्तरांकडे वीस वर्षं कपडे शिवणारी दातांची डॉक्टरीण एक दिवस रस्त्याच्या पलीकडून जाताना दिसली. हातात कोटाचं कापड होतं. तिने मास्तरांना पाहिलं, ओशाळं हसली आणि गोदामाच्या दिशेने वळली. तिच्या मागोमाग आणखी चार-पाच बायका गेल्या.

मास्तरांना ते लागलं. आठवडाभर ते ताईवर उगाच खेकसत होते, जाड कापड आलं की मशीनला नावं ठेवत होते. आमटी गार झाली म्हणून ते एकदा ताटावरून उठले, तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "मशीन देऊन आलास, पण मन तिथेच ठेवून आलायस. जा, घेऊन ये."

त्या रविवारी मास्तर उपासना सुटल्यावरही बाकावर बसून राहिले. फार काही मागितलं नाही. "देवा, दिलं ते खरं, पण माझ्या मुठी अजून सुटत नाहीत," एवढंच मनात म्हणाले. लगेच काही चमत्कार झाला नाही. पण राग कबूल केल्यावर तो जरा लहान दिसायला लागला. बाहेर बाई आणि तिची आई भेटल्या, तेव्हा त्यांनी दोन शब्द जास्त बोलून पाहिले. पुढच्या रविवारी चार शब्द. डॉक्टरणीच्या कोटाचं काम खरंच चांगलं झालंय, हे एक दिवस त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. काम कमी झालं होतं, पण दोघांचं भागत होतं. दुपारची झोप मात्र वाढली होती.

थंडी पडायला लागली तशी एके सकाळी बाईची आई काठी टेकत दुकानात आली. आल्या आल्या स्टुलावर बसली आणि धापा टाकत म्हणाली, "मास्तर, मला एक कोट शिवायचाय."

"आजी, घरात एवढी शिवणारी असताना माझ्याकडे?"

"ती माझं ऐकत नाही. मला दोन मोठे खिसे हवेत. चष्मा, रुमाल, गोळ्या, सगळं मावलं पाहिजे. ती म्हणते, असे खिसे शोभत नाहीत, लाइन बिघडते."

"बरोबर बोलते ती," मास्तर म्हणाले.

"बरोबर असेल. मला खिसे हवेत."

वरून ताईचं हसणं ऐकू आलं. मास्तरांनी टेप गळ्यातून काढली. "उभ्या राहा आजी. किती मोठे हवेत ते हाताने दाखवा."

आजीने काठी भिंतीला लावली आणि दोन्ही हात पसरून दाखवले. भाजीवाल्याची अख्खी टोपली मावेल एवढे. मास्तरांनी तेवढंच माप लिहून घेतलं.