मावशीच्या नावाची पाटी

विनोदने पाचाडात हॉटेल काढलं ते २००९ साली, मुंबईची नोकरी सोडून आल्यावर. पाटीवर लिहिलं, 'विनोद भोजनालय'. कुत्रं फिरकलं नाही हो! गडावर येणारी मंडळी गाड्या थेट पुढे हाणायची, वळणापलीकडे त्याच्या मावशीच्या पडवीत जेवायला. साळूबाईच्या पडवीला ना पाटी, ना फोन. तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, बस्स.

मग हिचा पत्ता लोकांना लागतो कसा? विनोदने पोलादपूरच्या सायबर कॅफेत बसून शोधलं. गड बघून गेलेल्यांनी आपापल्या ब्लॉगवर लिहून ठेवलं होतं, 'पाचाडला साळूबाईंच्या खानावळीत जेवा.' कॅफेवाला राहुल म्हणाला, "अरे, नेटवर एखाद्या धंद्याचं नाव जितक्या ठिकाणी येतं, तितका तो शोधात वर चढतो. तुझं नाव कुठंच नाही, तू वर येणार कसा?"

तर या शहाण्याने काय करावं? सरळ मावशीचं नाव उचललं. नेटवरच्या नकाशात 'साळूबाई खानावळ, पाचाड' अशी नोंद केली, खाली मोबाइल नंबर स्वतःचा दिला, खूण स्वतःच्या दारात केली आणि दारावर त्याच नावाची पाटी ठोकली. लोकांनी केलेलं मावशीचं सगळं कौतुक आयतं याच्या पदरात! पाचाडात जेवण शोधलं की पहिला हाच. त्या हिवाळ्यात फोन खणखणायला लागला, बाकडी पुरेनात. मावशीची चूल मात्र लवकर विझू लागली. विनोदला ते दिसत नव्हतं असं नाही. तो तिच्या दारावरून जायचंच टाळायचा.

एका रविवारी ऐन गर्दीत साळूबाई स्वतःच आली. ठेवणीतलं लुगडं, हातात नारळ. ही आता चार माणसांत आपली लाज काढणार, आणि काढावीच, असं विनोदला वाटलं. म्हातारीने पाटीखाली नारळ ठेवला आणि डोळे पुसले.

"शेजारची चंपाबाय म्हनली, तू माझ्या नावाची पाटी लावलीस, तेव्हा खोटंच वाटलं रे. दुकानाला देवाचं नाव देतात, पोराचं देतात. बाईमानसाचं कोन लावतं? पोटच्या पोरानं केलं नसतं ते तू केलंस." मग गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाली, "मीच ती साळूबाय! आता माझ्याकडं कोन आलं तरी मी हिकडंच धाडते. पोराचं हाटेल चाललं पायजे."

विनोद मेल्याहून मेला. "मावशे, अगं मी..." एवढंच तोंडातून निघालं. तिने कानशिलावर बोटं मोडून त्याची अलाबला घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने पोलादपूर गाठलं. नोंदीतला आपला नंबर काढला, खूण मावशीच्या पडवीवर नेली आणि परत येऊन पाटी उतरवली. खरं सांगायची छाती नव्हती. तिची गिऱ्हाइकं तिला मिळाली की आपण सुटलो, असा त्याचा हिशेब.

संध्याकाळी साळूबाई पुन्हा दारात. सोबत वाडीवरच्या बायका, खास पाटी दाखवायला आणलेल्या. पाटीच्या जागी नुसते खिळे. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. साळूबाईने पदर पुढे ओढला.

"माझ्या नावाची लाज वाटली होय रे?" ती हळूच म्हणाली.

बोल की मेल्या, आता तरी बोल! पण विनोद मान खाली घालून उभाच राहिला, आणि मावशी बायकांना घेऊन घरी गेली.