कम्प्युटर पाहायला येणारा माणूस

केवलराम भेंडारकरनं नोकरीची सगळी वर्षं जमिनीपासून उंच, एकट्यानं काढली होती. भिलाईच्या पोलाद कारखान्यात तो क्रेन ऑपरेटर होता. शिडी चढून छताखालच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालचा माणूस हातानं खूण करील तसा आकड्याला लटकलेला माल उचलायचा, सरकवायचा, ठेवायचा. बोलायचं काम नाही. बोललं तरी त्या धडधडीत ऐकणार कोण? त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही, कारण घरी बायको, रंभा होती. तो चपला काढायच्या आत ती सुरू होई, आणि हा नुसता हूं हूं करत जेवायचा.

रिटायर झाल्यावर त्यांनी भिलाईतच, रिसालीत घर घेतलं. घराला रंग लागला, तुळशीचं वृंदावन झालं, आणि रंभा गेली.

घर गप्प झालं. पण ते नेमकं कशानं गप्प झालं, हे केवलरामला बरेच दिवस उमगलं नाही. माणसं तर होतीच. उजव्या बाजूला बिहारकडचं कुटुंब, डाव्या बाजूला ओडिशाचं; दोघांशी हिंदी. दूधवाल्याशी छत्तीसगढी. हैदराबादेत नोकरीला असलेला मुलगा शुभम फोनवर ‘बाबा, कसे आहात’ एवढं मराठीत म्हणून पुढं हिंदीत शिरायचा. त्याची बायको हिंदीच बोलायची. मराठी मंडळाच्या गणपतीत रंभा हौसेनं जायची. हा गेला तर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून परत यायचा, कारण तिथं बोलणारी माणसं नागपूरकडच्या साहेब लोकांची. याचं गावाकडचं, साकोलीच्या बाजूचं बोलणं त्यांच्यात तोंडातून निघतच नसे. बरोबरीचे लोक एकेक करून गावाकडं निघून गेले होते. एकदा आंघोळीच्या पाण्याचा चटका बसला आणि तो मोठ्यानं म्हणाला, “अवो, मले पोळलं!” स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. किती दिवसांनी मराठी बोललो, याचा त्याला हिशेब लागेना.

शुभमनंच कम्प्युटरचं काढलं. “बाबा, फोनवर तुम्हाला आमचे चेहरे नीट दिसत नाहीत. एक सस्ता सा डेस्कटॉप ले लो. बडी स्क्रीन होगी. पेन्शनची कामं पण घरीच होतील.”

“पाहतो,” केवलराम म्हणाला.

म्हणून तो सिविक सेंटरच्या बाजारात गेला. दोन मोठ्या दुकानांत त्याला कुणी विचारलंच नाही. तिसरं दुकान चिंचोळं होतं. एक काउंटर, मागं खोक्यांची चळत, पुढं एक प्लास्टिकची खुर्ची. काउंटरवर चाळिशीची एक बाई कानाला फोन लावून बसली होती.

“हो आई, जेवली मी. तू गोळी घेतली का? मंग घे ना वो! कावून विसरते अशी?”

केवलराम दारातच थबकला. बाईनं फोन ठेवला आणि हिंदीत विचारलं, “जी अंकल, क्या दिखाऊँ?”

“तुमी कुठल्या?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. “तुमसरची. अन् तुमी?”

“साकोलीकडचा. पण आता इथलाच.”

“मंग बसा ना काकाजी, उभे कावून?”

तिचं नाव शिल्पा. लग्न होऊन इथं जवळच दुर्गला आली होती. सासर हिंदी बोलणारं. नवरा पीयूष बाहेर ऑफिसांमध्ये जाऊन कम्प्युटर दुरुस्त करी आणि ही दुकान सांभाळी. त्याचं काम ऐकून तिनं दोन प्रकार दाखवले. एक नवा, दुकानातच जोडून दिलेला. दुसरा एका ऑफिसातून निघालेला, साफसूफ करून, नवी डिस्क टाकून विकायला ठेवलेला.

“हा जुना म्हणून वाईट नसते,” ती म्हणाली. “उलट डब्बा मजबूत आहे. तुमाले पोराशी बोलाचं आहे, पेन्शनचं पाहाचं आहे, तेवढ्याले पुरते. पण काही वर्षांनी मंद होईन, हे आताच सांगून ठेवते.”

“अन् नवा?”

“नवा जास्त चालन. पण एवढ्या पैशात नवा घेतला तर स्क्रीन लहान येते. अन् तुमाले तर स्क्रीनच मोठी पायजे.”

केवलरामला तिचं बोलणं इतकं गोड लागलं, की त्यानं मुद्दाम विचारलं, “असं कावून होते?” मग तिनं सगळं उलगडून सांगितलं. त्यातलं थोडं कळलं, थोडं नाही.

“विचार करून सांगतो,” असं म्हणून तो निघाला. बसमध्ये त्याच्या ध्यानात आलं, की आपण हसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. लाइट गेली तर काय, हे विचारायचं राहिलं होतं. त्यावर तिनं बॅटरीच्या डब्याबद्दल सांगितलं. मग कॅमेरा वेगळा घ्यावा लागतो का, हे विचारायला गेला. मग आवाजाचं. मग शुभमला विचारून येतो म्हणाला, आणि शुभमनं काय म्हटलं ते सांगायला गेला. मधेच गिऱ्हाईक आलं की तो खुर्ची सोडून बाहेर उभा राही, ते गेलं की आत येई. कम्प्युटरवरून बोलणं तुमसरच्या बाजारावर जाई, तिच्या आईच्या गुडघ्यावर जाई, साकोलीच्या तलावातल्या मासळीवर जाई. परत येताना तो मनात म्हणे, बस, आता उद्या ठरवून टाकू. पण ठरवलं की संपलं, हे त्याला आतून ठाऊक होतं. घेतला तर जायचं कशाला? अन् नको म्हटलं तर जायचं कोणत्या तोंडानं? म्हणून तो रोज एक शंका शोधून काढी.

एका दुपारी तो दुकानापाशी पोचला तेव्हा पीयूष आत होता. दार अर्धं लोटलेलं होतं.

“ये अंकल लेंगे भी या नहीं?” पीयूष विचारत होता. रागानं नव्हे, थकलेल्या आवाजात. “रोज घंटा भर बैठते हैं. एक ही तो कुर्सी है, शिल्पा.”

“ले लेंगे,” शिल्पा म्हणाली. “अकेले हैं बेचारे. बैठने दो न.”

केवलरामचा हात दारावरच राहिला. ‘बैठने दो’ त्याला लागलं नाही. ‘बेचारे’ लागलं. क्रेनच्या केबिनमधून त्यानं तापून लाल झालेले लोखंडाचे ठोकळे उचलले होते आणि खाली उभ्या माणसांचा जीव त्याच्या हातावर असायचा; त्याला आजवर कुणी बिचारा म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं तेही हिंदीत, त्याच्यामागं, म्हणजे ते मराठी बोलणं सगळं दयेचं होतं की काय? परत फिरावं असं वाटलं, पण तो आत गेला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, “वो पुराना वाला दे दीजिए. आज ही.”

तो हिंदीत बोलला म्हणून शिल्पानं चमकून पाहिलं.

“काकाजी, नक्की? घाई नाही काही...”

“नक्की.”

संध्याकाळी पीयूषनं घरी येऊन सगळं जोडून दिलं. समोरच्या खोलीत रंभाचं शिवणयंत्र असायचं त्या टेबलावर कम्प्युटर बसला. पीयूष भला माणूस होता. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, शुभमला कसं बोलवायचं, हे त्यानं पुन्हा पुन्हा दाखवलं, चहा घेतला आणि गेला.

रविवारी शुभम स्क्रीनवर आला. खरंच चेहरा मोठा दिसला. कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागलेले दिसले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. आणि आणखी एक गोष्ट दिसली, जी फोनच्या छोट्या काचेत आजवर कधी दिसली नव्हती. शुभम त्याच्याकडं पाहत नव्हता. त्याची नजर बाजूला कुठं तरी फिरत होती, डावीकडून उजवीकडं, जशी वाचताना फिरते. मधूनमधून बोटं चालल्याचा टकटक आवाज येत होता.

“हां बाबा... हां... बढ़िया है.”

“तुया मायच्या तुळशीले कीड लागली होती,” केवलराम म्हणाला. “मी काढून टाकली.”

“हां, बढ़िया.”

केवलरामला मुलाचा राग आला नाही. रविवारीही काम असेल बिचाऱ्याला, असं मनात आलं, आणि तोच शब्द आपल्या मनात आला म्हणून तो ओशाळला. फोनवर बोलायचा तेव्हा निदान वाटायचं तरी, की पोरगा ऐकून राहिला. ते वाटणं या मोठ्या स्क्रीननं नेलं.

त्यानंतर दिवस लांबच लांब झाले. सिविक सेंटरला जायचं कारण उरलं नाही. पेन्शनचं काम एकदा पाहून झालं. टेबलावरच्या काळ्या काचेत त्याला स्वतःची खोली दिसे आणि खोलीत बसलेला एक म्हातारा. त्यानं काचेवर टॉवेल टाकून ठेवला.

मग एका सकाळी त्यानं टॉवेल काढला, डब्ब्यामागची लाइटची केबल अर्धवट उपसली आणि दुकानात फोन केला. “कम्प्युटर सुरू होऊन नाही राहिला.”

“थांबा, पाठवते,” शिल्पा म्हणाली. तेवढ्या दोन शब्दांनीही त्याला बरं वाटलं. पण आला पीयूष. वाकून केबल दाबली, हसला. “ढीली थी अंकलजी. हो जाता है.” पैसे घेतले नाहीत. केवलरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी आठवडा गेल्यावर त्यानं पुन्हा तेच केलं. या खेपेला स्क्रीनची केबल काढली.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी स्कूटर दाराशी थांबली आणि शिल्पा आत आली. तिनं पाणी घेतलं, भिंतीवरच्या रंभाच्या फोटोकडं पाहिलं आणि टेबलामागं वाकली. केबलचं टोक हातात घेऊन पाहिलं.

“काकाजी,” ती तशीच वाकलेली म्हणाली, “या केबलले दोन्हीकून स्क्रू असते. हे आपोआप नाई निघत. हातानंच काढा लागते.”

केवलराम खाटेवर बसून होता.

“मीनं काढली,” तो म्हणाला. “त्या वेळची बी मीनंच काढली होती.”

ती वर उठली. तिच्या हाताला धूळ लागली होती, ती पुसत राहिली.

“तुमी येणं कावून बंद केलं? मी म्हटलं, तब्येत बिघडली का काय.”

“घेऊन झाला ना. मंग कायच्या निमित्तानं येऊ?” आणि मग, आवरूनही आवरलं नाही म्हणून, “अन् तूनं मले बेचारा म्हटलं होतं. मी आयकलं.”

शिल्पाचा चेहरा उतरला. ती समोरच्या स्टुलावर बसली. “म्हटलं होतं,” ती हळू म्हणाली. “पीयूषनं काही बोलू नये म्हणून म्हटलं. चुकलंच माहं. पण तुमाले खोटं नाई सांगत, मले कीव बी वाटत होती. अन् तुमी आले की बरं बी वाटत होतं. दोन्ही होतं.”

तिनं खोटं गोड काही सांगितलं नाही, हे केवलरामला पटलं.

“हा परत करता का?” तिनं कम्प्युटरकडं बोट केलं. “पहिल्या दिवशीच सांगाले पायजे होतं. तुमाले याचं काम नाई. फोनमध्ये सारं होते.”

“शुभम म्हणत होता, चेहरा मोठा दिसते.”

“दिसला का?”

“दिसला,” केवलराम म्हणाला. थोडं थांबून म्हणाला, “घेऊन जा.”

तिनं केबली गुंडाळल्या, सगळं स्कूटरवर नेऊन ठेवलं. जाता जाता दाराशी थांबली. “दुकानात येत जा. पण रोज नका येऊ, काकाजी. खरं सांगते. दुकान लहान आहे, गिऱ्हाईक परत जाते. अन् पीयूष वाईट नाई, पण त्याले बी पोट आहे. गुरुवारी दुपारी गर्दी नसते. गुरुवारी या.”

“गुरुवारी,” केवलराम म्हणाला.

संध्याकाळी त्यानं शुभमला फोन केला. “कम्प्युटर परत केला.”

“क्यों बाबा? चला नहीं?”

“चालत होता. मले नको होता.” पलीकडची बोटांची टकटक थांबली. शुभम म्हणाला, “बरं, बाबा.” मराठीत म्हणाला. मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि फोन ठेवला गेला.

गुरुवार यायला वेळ लागला. दुसऱ्या दिवशी दारापुढचं गवत काढून झालं, त्याच्या पुढच्या दिवशी पंखे पुसून झाले, त्यापुढं करायला काही नव्हतं. जेवण म्हणजे भात आणि वरण, कधी सकाळचंच संध्याकाळी. बुधवारी बाजारात त्याला एका म्हातारीच्या टोपलीत लाखोळीच्या डाळीच्या रोपांचा कोवळा पाला दिसला. रंभा त्याची भाजी करायची. यानं जन्मात भाजी केली नव्हती. तरी घेतला. गुरुवारी सकाळी निवडला, धुतला, लसूण ठेचला, फोडणी करपवली, पुन्हा केली. मीठ जास्त पडलं.

दुकानात एक गिऱ्हाईक होतं. तो बाहेर सावलीत उभा राहिला. ते गेल्यावर शिल्पानं खुर्ची पुढं सरकवली.

“या काकाजी. जेवून आले ना?”

“आलो,” केवलराम बसत म्हणाला. “लाखोळीची भाजी केली होती. सांगतो तुले कशी केली. पयले तर लसूणच जळला...”