हक्कसोड

“नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र,” सरांनी खडू खाली ठेवत विचारलं, “सही करणाऱ्याला पुढे मनात आलं म्हणून एकट्याने रद्द करता येतं का?”

तिचा हात सवयीने बाकावरून उठला आणि अर्ध्यावरच थांबला.

“नाही सर,” मागून कुणीतरी म्हणालं.

“नाही. फसवणूक, जबरदस्ती सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. नुसता पश्चात्ताप कोर्टाला पुरत नाही.”

वर्ग लिहू लागला. तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करत होती. संध्याकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं तेव्हा वडील म्हणाले होते, “झाडांची कलमं झाली, आता कायद्याची.” पण घरात तिचा भाव वधारला. पहिली परीक्षाही झाली नव्हती, तोवर जो तो ‘वकिलीणबाई’ म्हणू लागला आणि तीही अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाली.

त्याच दिवसांत मावशी आली होती. लग्न न केलेली, आईवडिलांचं शेवटपर्यंत करून त्यांच्याच घरात राहिलेली. मामा तिच्याकडे घरातला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही मागत होता.

“करू का गं? तो म्हणतो, नुसती कागदोपत्री आहे.”

“कर की. नाही पटलं तर रद्द करता येतं,” आरशापुढे केस विंचरता विंचरता ती म्हणाली होती. हे तिने कुठे वाचलं होतं? कुठेच नाही.

रविवारी ती मामाकडे गेली. वरच्या मजल्यावरच्या मावशीच्या खोलीत आता भाडेकरू होते. मावशीचा पलंग जिन्याखालच्या खोलीत आला होता. तिथे उभं राहिलं की डोकं छताला लागे.

तिला पाहताच मामा हसला. “ये, वकिलीणबाई! तू हिला बजावलं होतंस ना, सही करू नकोस म्हणून? आमची ताई, कुणाचं ऐकेल तर शपथ. उगाच आता तोंड पाडून बसते.”

तिने मावशीकडे पाहिलं. मावशी पेला विसळत होती. विसळून झालेला पेला तिने पुन्हा नळाखाली धरला.

“मामा, मी...”

“चहा घेशील ना?” मावशीने मध्येच विचारलं आणि मामाला म्हणाली, “तुझा फोन वाजतोय बघ आत.”

मामा गेल्यावर ती पलंगाच्या कडेला टेकली.

“मावशी, मी असं म्हटलं नव्हतं. मीच तुला सही कर म्हणाले.”

“मला का ठाऊक नाही?”

“मग सगळ्यांना असं का सांगितलंस?”

“ते तुझ्या नावाने बोलायला लागले होते. म्हणे, हिच्या शिक्षणाने मावशीचं घर घालवलं.” मावशीने पदराला हात पुसले. “माझं जायचं ते गेलं. तुझं कशाला घालवू?”

“मी मामाला खरं सांगते.”

“आणि मला खोटी पाड. चारचौघांत सांगून बसलेय मी.”

तिला रडायचीही सोय उरली नाही. जिन्यावरून भाडेकरूंची पावलं डोक्यावरून धडधडत गेली.

मग मावशीने दार लोटलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “एक सांग. उद्या त्याने ठरवलंच, तर या खोलीतूनही मला काढता येईल का गं?”

तिच्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. मावशी वाट पाहत उभी होती, तशीच, मान थोडी वाकवून.

“मला माहीत नाही, मावशी,” ती म्हणाली. “उद्या सरांना विचारते. तोवर कशावर सही करू नकोस.”

मावशीने मान हलवली आणि चहाचं आधण ठेवलं.